टीप द्यायची, पण कुणाला?



सुट्ट्या जवळ आल्या की मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, प्रवासात सोबत खायला काय न्यायचं. दुसरा, हॉटेलात टीप किती ठेवायची. पहिल्यावर मी आधी भरपूर लिहिलं आहे. दुसऱ्यावर लिहायचं राहून जात होतं, कारण ‘किती’ हा प्रश्न मला तेवढा मोठा वाटत नाही. ‘कुणाला’ हा वाटतो, आणि त्यावर आमच्या घरातच एकमत नाही.

माझ्या सासूबाईंना आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्का हॉटेलात राहिल्या त्या रात्री बोटांवर मोजता येतील. पण टीप म्हणजे काय हे मी त्यांच्याकडूनच शिकले, तेही घरात. आमच्याकडे सांगलीला पाहुण्यांची ये-जा फार. कुणाची बदली, कुणाचं दवाखान्याचं काम, कुणी बाहुबलीला दर्शनाला निघालेलं आणि वाटेत मुक्कामाला थांबलेलं. चार दिवस राहून पाहुणे निघाले की कुंकू लावून, ओटी भरून व्हायची, मग पाहुणीबाई मागच्या दारी जायची आणि भांडीवाल्या मावशींच्या हातावर काहीतरी ठेवायची. त्या काळी दहा-वीस रुपये. अक्का स्वतः कुठं राहायला गेल्या, अगदी लेकीकडे गेल्या तरी, त्या घरच्या कामवाल्या बाईच्या हातावर काही ठेवल्याशिवाय रिक्षात बसत नसत. मी लग्न होऊन नवीन आले होते तेव्हा एकदा विचारलं, “अक्का, मावशींना पगार आहे की आपल्याकडं. मग पाहुण्यांनी का द्यायचं?”

“पगार आपल्या भांड्यांचा,” अक्का म्हणाल्या. “पाहुण्यांची भांडी जास्तीची नव्हं का!”

टीपसाठी आपल्या भाषेत शब्द कमी नाहीत. दिवाळीला पोस्टमनला, झाडूवाल्याला देतात ती पोस्त. खूश होऊन वरच्यानं खालच्याला द्यायचं ते बक्षीस. सरकारी कचेरीत टेबलाखालून जातं ते चहापाणी, त्याबद्दल न बोललेलंच बरं. पण पाहुणीनं मागच्या दारी जाऊन दिलेल्या त्या दहा रुपयांना आमच्याकडे काहीच नाव नव्हतं. त्यात कुणी खूश झालंय का हा प्रश्न नव्हता. मावशींनी भांडी चकचकीत घासली का, हसून बोलल्या का, हे कुणी बघत नव्हतं. आपल्यामुळे त्यांचं काम वाढलं, एवढाच हिशेब होता.

हाच हिशेब घेऊन हॉटेलात गेलं की काय दिसतं, ते सांगते. आपण जैन मंडळी हॉटेलात जातो तेव्हा किती भांडी वाढवतो! कुणाला राग येऊ नये म्हणून आमच्याच टेबलाचं सांगते. आम्ही दहा-बारा जण. त्यात अक्कांना कांदा, लसूण, बटाटा, गाजर, जमिनीखालचं काहीच चालत नाही. मोठ्या नणंदबाईंचं चातुर्मासात पालेभाजी बंद. माझा अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न खाण्याचा नियम. मुलांना पावभाजी हवी, पण जैन, म्हणजे बटाट्याऐवजी कच्ची केळी घातलेली. आमच्या ह्यांना तिखट लागतं. हे सगळं एका वेटरनं लक्षात ठेवायचं.

आणि हे नुसतं लक्षात ठेवून भागत नाही. हॉटेलच्या स्वयंपाकघरात ग्रेव्ही सकाळीच मोठ्या पातेल्यांत तयार असते आणि तिच्यात कांदा-लसूण असतोच. सांबारात कांदा असतो. म्हणजे आपल्यासाठी टोमॅटो-काजूचं वाटण वेगळं करायचं, कढई वेगळी घ्यायची, पळी धुवायची. आत आचाऱ्यावर घाईची वेळ असेल तर तो वैतागतो, आणि त्याचं बोलणं कुणाला ऐकावं लागतं? आपल्याला नाही. आपण बाहेर बसून विचारतो, “भैया, चमचा वेगळा वापरला ना?” तो “हो मॅडम” म्हणतो, पुन्हा आत जातो, विचारून येतो. मी एकदा मोजलं, आमची ऑर्डर पक्की होईपर्यंत तो मुलगा पाच वेळा आत जाऊन आला होता. शेजारच्या टेबलानं तेवढ्या वेळात पनीर मसाला आणि बटर रोटी सांगून जेवायला सुरुवातसुद्धा केली होती.

वेळेचं तर वेगळंच. रात्रीभोजन त्याग असला की थंडीच्या दिवसांत सहाच्या आत ताट समोर यायला हवं. हॉटेलांचा रात्रीचा स्वयंपाक सातला सुरू होतो. पाच वाजता तंदूर पेटलेला नसतो, भाजीवाला आचारी दुपारची विश्रांती घेत असतो, मिळतं ते चहा आणि भजी. अशा वेळी आपल्याला पोळी-भाजी मिळते ती कुणीतरी आत जाऊन, “अरे, जैन फॅमिली आहे, सूर्यास्ताच्या आत जेवतात, म्हातारी बाई आहे सोबत,” असं सांगून कुणाला तरी उठवल्यामुळे मिळते. हे सांगणं त्याच्या कामात लिहिलेलं नाही. नियम आपला आहे, तो पाळायचा कष्टाचा भाग मात्र त्या दिवशी त्याच्या वाट्याला जातो.

म्हणून मी म्हणते की आपल्या टेबलावरची टीप इतरांपेक्षा जास्तच असायला हवी. धाकट्या भाऊजींना हे अजिबात मान्य नाही. त्यांचं म्हणणं असं: वेटरला पगार देणं मालकाचं काम, जेवणाचे पैसे आपण दिले, जैन जेवण मेनूवर छापलंय म्हणजे ते करून देणं हॉटेलचं कर्तव्य, आणि वर बिलात सतरा प्रकारचे आकार लावलेले असतात ते वेगळेच.

त्यांचा शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तिथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. बिलाच्या खाली जीएसटी असतो. साध्या रेस्टॉरंटमध्ये तो ५ टक्के, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. तो सरकारला जातो, वेटरला त्यातला रुपयाही मिळत नाही. पूर्वी सर्व्हिस टॅक्स असायचा, तोही सरकारचाच, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर तो गेला. आता बिलात कधी कधी दिसतो तो सर्व्हिस चार्ज ही तिसरीच गोष्ट. तो हॉटेलनं स्वतः लावलेला असतो, बहुतेक ५ ते १० टक्के. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं स्पष्ट सूचना काढल्या की हा आकार बिलात आपोआप जोडता येणार नाही, दुसऱ्या नावानं घेता येणार नाही आणि ग्राहकावर सक्ती करता येणार नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि २८ मार्च २०२५ ला न्यायालयानं सूचना योग्यच आहेत असा निकाल दिला. तेव्हा बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर तो काढायला सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कुणी ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

मी तो काढायला सांगते. शांतपणे, आवाज न चढवता, आणि काउंटरवर जाऊन. टेबलाशी उभ्या असलेल्या मुलाशी त्यावरून वाद घालत नाही, कारण तो आकार त्यानं लावलेला नसतो. आणि काढून वाचलेले पैसे पर्समध्ये टाकत नाही. तेवढे, किंवा जमेल तेवढे, त्या मुलाच्या हातात देते. भाऊजी इथं हसतात. म्हणतात, “वहिनी, एका हातानं काढता आणि दुसऱ्या हातानं देता, मग फरक काय पडला?” पडतो ना. मालकाच्या गल्ल्यात गेलेल्या पैशातलं त्या मुलापर्यंत किती पोचतं हे मला दिसत नाही, हातात दिलेलं दिसतं.

पूर्वी हे सोपं होतं. बिलाच्या वहीत नोटा ठेवायच्या, वेटर सुट्टे आणि बडीशेपची वाटी घेऊन यायचा, वाटीतली दहाची नोट तशीच सोडून उठायचं. आता क्यूआर कोड स्कॅन करून रुपया-पैशापर्यंत नेमकी रक्कम जाते आणि मागे काहीच उरत नाही. सुट्टे नाहीत हा आपला बहाणाही झाला आहे. मशीनवर कार्ड घासताना टीप जोडा असं विचारतात, पण ती जाते हॉटेलच्या खात्यात. मी वेटरला सरळ विचारते, “हे तुमच्याकडे येतं का?” बहुतेक जण खरं सांगतात. काही ठिकाणी काउंटरवर टीपचा डबा असतो आणि रात्री सगळ्यांत वाटणी होते, आचाऱ्यापासून मोरीवरच्या बाईपर्यंत. तसं असेल तर मी डब्यातच टाकते. नसेल तर वेटरला देते, आणि टेबल पुसणाऱ्या पोराला वेगळे वीस रुपये. वेटर निदान आपल्याशी बोलतो, नाव सांगतो. फडकं मारणाऱ्या पोराकडे कुणी मान वर करून बघत नाही, आणि आमच्या लहान मुलांनी जमिनीवर सांडलेला भात तोच उचलत असतो.

आकडा ऐकायचाच असेल तर आमचा सांगते, नियम म्हणून नव्हे. इडली-डोशाच्या हॉटेलात टेबलामागे वीस रुपये. घरचे सगळे मिळून जेवलो, जैन ऑर्डरचा घोळ घातला, तर बिलाच्या दहा टक्क्यांच्या आसपास. बिल फार मोठं असेल तर थोडं कमी. काम बिघडलं असेल तरी काहीतरी देतेच, कारण बऱ्याचदा बिघडलेलं आतल्या बाजूचं असतं.

आणखी एक, पैशाबाहेरचं. जेवण झाल्यावर आपण गप्पा मारत बसतो. दुपारचे साडेतीन होतात. बाकी टेबलं रिकामी, पंखे बंद होत आलेले, आणि दोन मुलं भिंतीला टेकून उभी असतात. आपण उठल्याशिवाय ती जेवायला बसू शकत नाहीत. हे एकदा लक्षात आलं की गप्पा बाहेर गाडीजवळही मारता येतात.

आता हॉटेलातल्या खोलीबद्दल. आमच्या भांडीवाल्या मावशींची नात पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगला होती. हॉटेलची नोकर नव्हे, ठेकेदाराची. सणाला गावी आली की आमच्याकडे यायची आणि स्वयंपाकघरात बसून गोष्टी सांगायची. तिच्या तोंडून ऐकेपर्यंत मीही हॉटेलच्या पलंगावरची ताणून घातलेली पांढरी चादर बघून नुसतं “वा, किती छान” म्हणत होते. तिनं सांगितलं ते असं: एका पाळीत तिच्या वाट्याला चौदा खोल्या. पाहुणा राहतोय ती खोली लवकर होते, सोडून गेलेली खोली मात्र पूर्ण करावी लागते. जाड गादीचा एकेक कोपरा एका हातानं उचलायचा आणि दुसऱ्या हातानं चादर खाली खोचायची, दिवसाला चौदा-पंधरा पलंगांची. मनगट आणि कंबर यांचं काय होतं ते तिचं तिलाच ठाऊक. बाथरूमच्या जाळीतले केस हातानं काढायचे. काचेवर पाण्याचा एक डाग दिसला तर सुपरवायझर परत पाठवतो. खोली दोन वाजेपर्यंत तयार झाली नाही तर खाली नवा पाहुणा ताटकळत उभा, आणि त्याचीही बोलणी हिलाच.

“आणि मावशी,” ती मला म्हणाली, “लोकं निघताना बॅगा उचलणाऱ्या पोराला शंभर देतात. दारवाल्याला देतात. आमाला कुठनं देणार? आमी दिसतच नाही.”

त्यात तिचा दोष नव्हता आणि लोकांचाही फारसा नव्हता. हॉटेलची रीतच तशी आहे. आपण बाहेर फिरायला गेलो की ती येणार, आपण परत यायच्या आत जाणार. आपण तिला बघितलं नाही तर तिनं काम नीट केलं, असा तिथला हिशेब.

एकदा तिला टीप मिळाली, आणि त्याचं काय झालं ते ऐका. एक पाहुणे तीन दिवस राहून सकाळी लवकर निघून गेले. खोलीत टेबलावर, पाण्याच्या बाटलीखाली दोनशे रुपये होते. हिला वाटलं, आपल्यासाठीच ठेवलेत, आणि तिनं ते खिशात टाकले. पाळी संपल्यावर बाहेर पडताना कामगारांची झडती घेतात. तिथं दोनशे रुपये सापडले. कुठून आले? खोलीतून. पाहुण्यानं दिले? दिले नाहीत, ठेवले होते. कशावरून तुझ्यासाठी ठेवले? विसरले असतील तर? नियम असा की खोलीत जे सापडेल ते खाली जमा करून वहीत नोंद करायची. नियमही चुकीचा नाही, खरंच विसरलेल्या पाहुण्याचे पैसे परत मिळतात ते त्यामुळेच. हिला मजल्यावरून काढलं. पाहुण्यांना फोन लावला, तो दोन दिवस लागला नाही. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, “अहो, ते सफाईवाल्या ताईंसाठीच होते.” ठेकेदाराची माणसं रोजावर. दोन दिवस कामावर घेतलं नाही म्हणजे दोन दिवसांचा रोज गेला. दोनशे रुपये परत मिळाले, ते त्या रोजाच्या मानानं काहीच नव्हते. आणि मजल्यावरच्या बाकीच्या बायका दोन दिवस तिच्याशी बोलत नव्हत्या, ते तिला जास्त लागलं होतं. सांगताना ती चहाचा कप नुसता फिरवत होती.

देणारा माणूस चांगलाच होता. फक्त एक चिठ्ठी ठेवायला हवी होती.

तेव्हापासून आमच्याकडे प्रवासाच्या बॅगेत कागदी पाकिटं असतात. हॉटेलातला लिहायचा कागद असला तर तोही चालतो. त्यावर मोठ्या अक्षरांत, “खोली साफ करणाऱ्यांसाठी, धन्यवाद”, खाली खोलीचा नंबर आणि तारीख. रक्कमही लिहिते, म्हणजे मध्येच कमी व्हायला नको. महाराष्ट्राबाहेर हिंदीत. उशीखाली ठेवायचं नाही, चादरीबरोबर धुवायला जातं. टेबलावर, समोर दिसेल असं. आणि निघायच्या दिवशी एकदम न ठेवता रोज सकाळी ठेवायचं, कारण सोमवारी आपला पलंग लावणारी बाई बुधवारी सुट्टीवर असू शकते. आम्ही साध्या लॉजवर रात्रीला पन्नास ठेवतो, मोठ्या हॉटेलात शंभर. जास्तीची गादी मागवली असेल, मुलांनी खोलीत चिवडा सांडला असेल, तर आणखी थोडे. ती बाई समोर भेटलीच तर पाकीट हातात द्यायचं, “ताई, हे तुमच्यासाठी,” एवढं म्हणायचं.

आणि चिवडा आपणच उचलायचा. ओले टॉवेल एका जागी ठेवायचे, खाऊचे कागद एका पिशवीत. पाकीट ठेवलंय म्हणून खोलीचा उकिरडा करून जायला मुभा मिळत नाही.

आता भाऊजींच्या पहिल्या मुद्द्याकडे येते, पगार देणं मालकाचं काम. त्यात तथ्य आहे आणि मी ते नाकारत नाही. माझी पुतणी अमेरिकेत टेक्सासमध्ये असते. तिथं टीप ठेवली नाही तर वेटर दारापर्यंत मागे येऊन “काही चुकलं का?” असं विचारतो, म्हणते. अठरा-वीस टक्के धरूनच चालायचं. कारण तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. एरवीचं किमान वेतन ७.२५ डॉलर. मधला फरक टीपमधून भरून यावा, नाही आला तर मालकानं भरावा असा कायदा. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं, पण बाकी बऱ्याच ठिकाणी ग्राहकच अर्धा पगार देतो. आपल्याकडे तसं होऊ नये असं मलाही वाटतं. टीप मिळते म्हणून पगार कमी, हे वाईटच. पण मी टीप दिली नाही म्हणून सांगली-पुण्यातला मालक उद्या पगार वाढवणार आहे, असंही नाही. ती लढाई मोठी आहे, लढावी. त्या दुपारी पाच वेळा आत जाऊन आलेला मुलगा मात्र त्याच दुपारी घरी जाणार असतो.

घरात या विषयावर सगळ्यात जास्त तापलं ते दानाच्या मुद्द्यावरून. आमच्या बस्तीत पंचकल्याणक पूजा झाली तेव्हा भाऊजींनी एका सवालात चांगली मोठी रक्कम बोलली (तुमच्याकडे बोली म्हणत असतील, आमच्या भागात सवाल). त्यांचा हात आखडता नाही, हे मला कबूल आहे. त्यांचं म्हणणं, “द्यायचं तर सत्पात्री द्यावं. वेटरला दिलेल्यात कसलं पुण्य?”

मी म्हटलं, भाऊजी, मी याला दान म्हणतच नाही. दानाचा विचार आपल्याकडे फार खोल केला आहे. तत्त्वार्थसूत्रात दानाचं फळ विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चौघांवर ठरतं असं आहे. त्या मोजमापात वीस रुपयांची टीप बसवायला गेलं तर वीस रुपये देऊन आपण उगीच मोठे होतो. मला हे दुसरीकडेच बसतं असं वाटतं. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार दिले आहेत. त्यातले छेदन, बंधन, पीडन आपल्याला लगेच कळतात, आपण कुणाला बांधत नाही, मारत नाही. उरलेले दोन आहेत अतिभारारोपण आणि आहारवारणा. आपल्या आश्रयाला असलेल्या जिवावर झेपेल त्याहून जास्त ओझं लादणं, आणि त्याचं खाणं अडवणं. पाठशाळेत आम्हाला याची उदाहरणं बैलाची द्यायचे. गाडीत किती पोती भरायची, बैलाला वेळेवर वैरण-पाणी. आता बैलगाड्या गेल्या. चौदा खोल्यांचं ओझं आणि साडेतीनपर्यंत अडलेलं जेवण आहे.

भाऊजी यावर म्हणाले की ओझं मालकानं लादलंय, आपण नाही. मी म्हटलं, चौदावी खोली आपली होती. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण पटलं असंही नाही. सहलीत त्यांच्या खोलीत पाकीट जाऊबाई ठेवतात, त्यांना न सांगता.

शिखरजीला मात्र भाऊजींचं वागणं मी स्वतः पाहिलं आहे. पहाडाची वंदना सत्तावीस किलोमीटरची, अक्कांना चालणं शक्य नव्हतं, म्हणून डोली केली. डोलीचा दर माणसाच्या वजनावर ठरतो. मधुबनला पहाटे अंधारात अक्का काट्यावर उभ्या राहिल्या, रक्कम ठरली. दिवसभर त्या माणसांच्या खांद्यावर बांबूचे वळ उमटताना भाऊजी शेजारून चालत होते. खाली उतरल्यावर त्यांनी ठरलेल्या पैशांवर किती दिले ते आम्हाला सांगितलं नाही, पण डोलीवाल्यांनी अक्कांना वाकून नमस्कार केला तेव्हा आम्हाला अंदाज आला. समोर खांदा दिसला की भाऊजी देतात. खोली साफ करणाऱ्या बाईचं मनगट त्यांना दिसलेलं नाही, एवढंच आहे ते.

धर्मशाळांबद्दल दोन शब्द, कारण आपलं राहणं तिथंच जास्त. काही तीर्थांवर ‘कर्मचाऱ्यांना बक्षीस देऊ नये’ अशी पाटी असते. तिथं पाटी पाळावी. कार्यालयात विचारलं तर बहुतेक ठिकाणी कर्मचाऱ्यांसाठी वेगळी पावती फाडता येते, तशी फाडावी. पाटी नसेल तर भोजनशाळेत वाढणाऱ्यांना आणि खोली झाडणाऱ्यांना निघताना जरूर द्यावं. आपण तिथं पहाटे चारला गरम पाणी मागतो.

राहता राहिला सुट्ट्यांचा प्रश्न. बँकेत दहा-वीसच्या नोटा मागितल्या तर तोंड वाकडं करतात आणि एटीएममधून पाचशेच निघतात. यावर मला फार चांगला मार्ग सापडला आहे. बस्तीतली दानपेटी उघडतात त्या दिवशी खजिनदार काकांकडे दहा-वीस-पन्नासच्या नोटांची चळत असते आणि त्यांना ती बँकेत न्यायचा कंटाळा असतो. मी पाचशेच्या चार नोटा देते, ते सुट्टे मोजून देतात, दोन वेळा मोजतात. नोटांना अक्षता चिकटलेल्या असतात, त्या झटकून पाकिटात भरायच्या. गेल्या वेळी काका म्हणाले, “एवढे सुट्टे नेताय, म्हणजे यंदा लांबची सहल दिसते.”

म्हटलं, “लांबची नाही काका, श्रवणबेळगोळच. पण यंदा चार खोल्या घेतल्यात.”